‘उदास’ : एका शब्दाच्या दोन वाटा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



मराठी भाषेत ‘उदास’ हा शब्द इतका परिचयाचा आहे की त्याचा अर्थ विचारण्याची कुणाला गरज भासत नाही. दिवेलागणीच्या वेळी मन उदास होते. लेक सासरी गेली की घर उदास वाटते. परीक्षेत अपयश आलेला मुलगा उदास होऊन बसतो. या प्रत्येक ठिकाणी उदास म्हणजे खिन्न, दुःखी, निरुत्साही असाच अर्थ घेतला जातो आणि आजच्या व्यवहारात तो बरोबरही आहे. परंतु हाच शब्द जुन्या ग्रंथांत किंवा संतांच्या वाणीत भेटला की वाचक क्षणभर थबकतो. तेथे उदास असणे ही दुःखाची अवस्था नसते. ती साधकाने प्रयत्नपूर्वक मिळवावयाची, वंदनीय मानलेली स्थिती असते.

एकाच शब्दाने मनाची खालावलेली अवस्थाही सांगावी आणि मनाची उन्नत अवस्थाही सांगावी, हे भाषेचे एक नवल आहे. मात्र हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. घरातील एखादी वृद्ध व्यक्ती हळूहळू बोलेनाशी होते, जेवणाखाण्यात तिचे लक्ष राहत नाही, नातवंडांच्या गडबडीतही ती भिंतीकडे पाहत बसते. अशा वेळी ‘आता त्यांचे मन संसारातून निघाले, विरक्ती आली’ असे घरचे लोक आदराने म्हणतात. ते खरे असू शकते आणि सर्वस्वी चुकीचेही असू शकते. ज्या समाजात त्याग आणि वैराग्य यांना सर्वोच्च स्थान आहे, त्या समाजात ही चूक होण्याचा संभव अधिक. म्हणून ‘उदास’ या शब्दाच्या दोन वाटा कोठे फुटल्या आणि त्या कशा ओळखाव्यात, हे पाहणे अगत्याचे आहे.

शब्दाचे मूळ

संस्कृतात ‘आस्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ बसणे. ‘आसन’ आणि ‘आसीन’ हे शब्द त्याच्यापासूनच आले. या धातूला ‘उप’ हा उपसर्ग लागला की ‘जवळ बसणे’ असा अर्थ होतो आणि त्यातून उपासना, उपासक हे शब्द सिद्ध होतात. श्रावकाला आगमांत श्रमणोपासक म्हटले आहे, म्हणजे श्रमणांच्या सन्निध बसणारा. त्याच ‘आस्’ धातूला ‘उद्’ हा उपसर्ग लागला की ‘वर बसणे, अलग बसणे’ असा अर्थ होतो आणि त्यातून उदास, उदासीन, औदासीन्य हे शब्द येतात. उपासक आणि उदासीन ही अशी एकाच धातूची दोन भावंडे आहेत. एक गुरूंच्या जवळ बसतो, दुसरा संसाराच्या गलबल्यापासून थोडा दूर, थोडा उंचावर बसतो. किंबहुना, जो जवळ बसायला शिकला त्यालाच दूर बसण्याची कला साधते, असेही म्हणता येईल.

मनाची खिन्नता सांगणारे इतर शब्द याच्याशी ताडून पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. ‘खिन्न’ हा शब्द ‘खिद्’ धातूपासून आला. त्यात दबून जाण्याचा, थकून जाण्याचा भाव आहे. ‘उद्विग्न’ यात ‘विज्’ म्हणजे थरथरणे आहे. ‘म्लान’ म्हणजे कोमेजलेला. ‘विषण्ण’ आणि ‘विषाद’ हे शब्द ‘सद्’ या धातूपासून आले. सद् म्हणजेही बसणे, परंतु ‘वि’ उपसर्गाने त्याचा अर्थ खचणे, खाली बसणे असा झाला. विषण्ण मनुष्यही बसलेला आहे आणि उदासीन मनुष्यही बसलेला आहे. पहिला खाली खचून बसला आहे, दुसरा वर उठून बसला आहे. लांबून पाहणाऱ्याला दोघेही निश्चल आणि नि:शब्द दिसतात. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

शास्त्रग्रंथांतील उदासीन

प्राचीन ग्रंथांत उदासीन हा शब्द कधीही दुबळेपणासाठी वापरलेला आढळत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडळाचे वर्णन आहे. त्यात शत्रू आहे, मित्र आहे, मध्यम राजा आहे आणि या सर्वांहून निराळा असा उदासीन राजा आहे. हा उदासीन राजा कोणाच्या भांडणात ओढला जात नाही; पण तो सर्वांत बलवान असतो. तो मनात आणील तर दुसऱ्यांना साह्य करू शकतो, आवरूही शकतो. ज्याच्याजवळ सामर्थ्य आहे त्याच्याच तटस्थतेला कौटिल्याने उदासीनता म्हटले आहे.

सांख्यदर्शनात पुरुष हा साक्षी, मध्यस्थ आणि उदासीन मानला आहे. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना उदासीन हे एक विशेषण आले आहे आणि त्याच्या लगत व्यथा सरलेला अशा अर्थाचे दुसरे विशेषण आहे. आजचा मराठी वाचक उदास म्हणजे व्यथित असे समजतो. तेथे उदासीन तोच, ज्याची व्यथा गेली.

जैन तत्त्वज्ञानात हा शब्द फार सूक्ष्म अर्थाने येतो. धर्मद्रव्य हे जीव आणि पुद्गल यांच्या गतीला उदासीन निमित्त आहे, असे सांगितले जाते. दृष्टांत मासा आणि पाणी यांचा. पाणी माशाला ढकलत नाही, पोहण्याची सक्ती करीत नाही. परंतु मासा पोहू लागला की पाण्यावाचून त्याचे पोहणे होत नाही. उदासीन असणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे, हे या एका दृष्टांताने मनावर ठसते. पाणी अलिप्त आहे आणि तरीही आधारभूत आहे.

तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणीजनांना पाहून प्रमोद म्हणजे आनंद, दुःखितांविषयी करुणा आणि विपरीत वागणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. या माध्यस्थ्याचे विवरण आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत केले आहे. राग आणि द्वेष यांतून येणारा पक्षपात नसणे, हा त्यांच्या विवरणाचा आशय आहे. माध्यस्थ्य म्हणजेच औदासीन्य. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मैत्री आधी, मग प्रमोद, मग कारुण्य आणि शेवटी माध्यस्थ्य. पहिल्या तिघींचा हात सोडून चौथी भावना एकटी येत नाही.

इंदूर, ईसरी अशा ठिकाणी गृहत्यागी व्रती श्रावकांच्या निवासासाठी ‘उदासीन आश्रम’ स्थापन झाले. त्या नावाचा अर्थ दुःखी लोकांचे वसतिस्थान असा कोणीही घेत नाही. पंजाबात गुरू नानकदेवांच्या दीर्घ यात्रांना ‘उदासी’ म्हणतात आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र श्रीचंद यांच्यापासून सुरू झालेला पंथही उदासी याच नावाने ओळखला जातो. भारताच्या निरनिराळ्या भागांत हा शब्द अनेक शतके घर सोडून मोकळ्या झालेल्या मनाची खूण म्हणून वावरला आहे.

मराठी संतांचा उदास

मराठीत हा शब्द आला तो हाच अर्थ घेऊन. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे विस्ताराने आली आहेत. त्यांतील अनासक्तीचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी देहाविषयी उदास असणाऱ्या पुरुषाला बिऱ्हाडी उतरलेल्या वाटसरूची उपमा दिली आहे. वाटेत भेटलेल्या झाडाच्या सावलीइतकीही त्याला आपल्या घराविषयी आस्था नसते, असेही ते पुढे म्हणतात. वाटसरू मुक्कामाच्या जागेचा तिरस्कार करीत नाही. तो तेथे स्वयंपाक करतो, झोपतो, सकाळी जागा झाडून पुढे जातो. सावलीत बसणाराही सावलीवर रागावलेला नसतो. ज्ञानदेवांच्या उदासाच्या चेहऱ्यावर खिन्नतेची छटा शोधूनही सापडत नाही.

सतराव्या शतकात तुकाराम महाराजांनी हाच शब्द बाजारपेठेत आणला. महाराज स्वतः वाण्याचा व्यवसाय करणारे. त्यांना तागडी आणि खतावणी ठाऊक होती. त्यांच्या एका सर्वपरिचित अभंगात उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि ते उदास विचाराने वेचावे, असा उपदेश आहे. येथे उदास या शब्दाला आजचा अर्थ लावला तर केवढा अनर्थ होईल! रडतखडत, खिन्न मनाने पैसे खर्च करावेत, असे महाराज सांगत असतील काय? त्यांना अभिप्रेत आहे तो निरासक्त विचार. धन सचोटीने मिळवावे आणि मिळाल्यावर त्याला चिकटून राहू नये.

त्याच अभंगात पुढे परोपकार आहे, परनिंदेचा त्याग आहे, भूतदया आहे, गाईगुरांचे पालन आहे, रानावनात तहानलेल्यांना पाणी देणे आहे, वडीलधाऱ्यांचा मान वाढवणे आहे. आणि या साऱ्याला महाराजांनी गृहस्थाश्रमाचे फळ म्हटले आहे. पांजरपोळ आणि पाणपोई चालवणाऱ्या, दान आणि अपरिग्रह यांचे संस्कार असलेल्या समाजाला या अभंगातला उदास परका वाटणार नाही. तो सकाळी दुकान उघडतो, हिशेब चोख ठेवतो, मिळवतो, वाटतो आणि रात्री शांत झोपतो. अपरिग्रह अणुव्रताचे परिमाण स्वीकारणाऱ्या श्रावकाचे याहून चांगले शब्दचित्र क्वचितच सापडेल.

अर्थ पालटला

मग हा शब्द दुःखाकडे कसा वळला? याचे उत्तर एका दिवसात किंवा एका लेखकात सापडणारे नाही. जो संसारापासून अलग बसतो तो गर्दीला एकाकी दिसतो. एकाकी दिसणारा दुःखी असेल असे गर्दीला वाटते. पाहणाऱ्यांची ही समजूत हळूहळू शब्दाच्या अर्थात उतरली असावी. तरीही आधुनिक काळात हा पालट किती पूर्ण झाला, हे दोन उदाहरणांवरून दिसते.

श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) यांचे ‘अपूर्व अवसर’ हे गुजराती काव्य घरोघरी म्हटले जाते. महात्मा गांधींच्या आश्रम भजनावलीतही त्याला स्थान मिळाले. त्यात सर्व भावांविषयी औदासीन्य वृत्ती यावी, अशी आस व्यक्त झाली आहे. निर्ग्रंथ दशेकडे निघालेल्या आत्म्याची ती मागणी आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत खानदेशातील धरणगावी जन्मलेल्या बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांनी ‘उदासीनता’ नावाची कविता लिहिली. तिच्यात ही उदासीनता मनात कोठून येते हेच कवीला कळत नाही. काहीतरी आत बोचत राहते आणि त्याचा ठाव लागत नाही. एका ठिकाणी औदासीन्य हे आत्म्याने मागितलेले वरदान आहे, दुसऱ्या ठिकाणी उदासीनता ही न बोलावता आलेली वेदना आहे. काळ जवळजवळ तोच, शब्द तोच, वाटा मात्र दोन.

बालकवींचीच ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. काळ्या डोहाकाठी पाण्यात पाय टाकून बसलेले ते झाड खिन्न आहे की विरक्त, यावर मराठी समीक्षकांनी पुष्कळ चर्चा केली. उदास या शब्दातला मूळचा ‘आस्’, म्हणजे बसणे, त्या झाडाच्या रूपाने समोर येऊन बसतो आणि त्याच्या दोन्ही अर्थांपैकी कोणता घ्यावा हे कवी वाचकावर सोपवतो. पुढे ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहापासून कवी ग्रेस यांनी दुःखाची जी गूढ, संध्यारंगी भाषा घडवली, तिच्या वाचकांना उदास या शब्दात केवळ विषादच ऐकू येऊ लागला, तर त्यात आश्चर्य नाही.

व्याकरणाच्या अंगानेही या पालटाची खूण पटते. जुन्या मराठीत उदास या शब्दाला विषय लागतो. देहाविषयी उदास, धनाविषयी उदास, मानापमानाविषयी उदास. आजच्या मराठीत तो विषय गळाला आहे. ‘आज उदास वाटते’ एवढेच म्हटले जाते. जुन्या उदासाला ‘कशाविषयी?’ असा प्रश्न विचारता येतो. नव्या उदासाला ‘कशामुळे?’ असे विचारावे लागते आणि बहुधा त्याचे उत्तर त्या व्यक्तीजवळही नसते.

भाषा मात्र मोठी शहाणी आहे. तिने एक वेगळा शब्दही घडवला : ‘उदासवाणा’. केविलवाणा, दीनवाणा, लाजिरवाणा यांच्या पंक्तीतला हा शब्द. उदासवाणा चेहरा म्हणतात, उदासवाणी संध्याकाळ म्हणतात. परंतु कोणत्याही साधुपुरुषाला कोणी उदासवाणा म्हणत नाही. ज्ञानदेवांचा वाटसरू उदास आहे, उदासवाणा नाही. हा एक प्रत्यय लक्षात ठेवला तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

अलीकडे उदासीन या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. ‘मतदार उदासीन’, ‘प्रशासन उदासीन’ असे मथळे वर्तमानपत्रांत येतात. तेथे त्याचा अर्थ बेपर्वाई, कर्तव्याकडे दुर्लक्ष असा आहे. माशाला आधार देणारे पाणी ज्या शब्दाने सांगितले, त्याच शब्दाने आता नळाला न येणारे पाणीही सांगितले जाते!

अरती आणि शोक

खिन्नतेला जैन शास्त्रात स्वतंत्र नावे आहेत आणि तेथे गोंधळाला जागा ठेवलेली नाही. मोहनीय कर्माच्या भेदांत नऊ नोकषाय सांगितले आहेत. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. यांतील अरती म्हणजे कोणत्याही स्थळाविषयी, वस्तूविषयी औत्सुक्य न उरणे. आणि शोक म्हणजे, सर्वार्थसिद्धीच्या आशयानुसार, उपकारक व्यक्तीचा संबंध तुटल्यामुळे येणारी व्याकुळता. खिन्नतेची ही दोन्ही रूपे मोहाच्या परिवारातील आहेत, वैराग्याच्या नव्हे. अठरा पापस्थानांत तर रती-अरती अशी जोडीच येते. वस्तूत रमणे आणि वस्तूला विटणे ही एकाच नाण्याची दोन अंगे मानली आहेत. ज्याची रती गेली आणि अरती उरली, तो मुक्त झाला नाही. त्याच्या मोहाने फक्त कूस बदलली.

मुनींना सहन कराव्या लागणाऱ्या बावीस परीषहांतही अरती आहे. भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्या बरोबरीने तिचे नाव येते. महाव्रती मुनींच्या मनावरही मरगळ येऊ शकते, हे शास्त्रकारांनी मान्य केले. त्यांनी तिला लज्जास्पद ठरवले नाही आणि साधनेचे फळ म्हणून गौरवलेही नाही. भूक लागणे हा जसा दोष नाही, तसे मन कोमेजणे हाही दोष नाही. पण भुकेला कोणी तप म्हणत नाही, तसे कोमेजण्याला कोणी वैराग्य म्हणू नये.

सल्लेखनेच्या अतिचारांत हा विवेक सर्वांत ठळक दिसतो. अधिक जगण्याची इच्छा हा तेथे अतिचार आहे, तसाच लवकर मरण यावे ही इच्छाही अतिचार आहे. ‘आता देवाने उचलावे’ असे कंटाळून म्हणणारे मन विरक्त झाले आहे, असा निर्वाळा शास्त्र देत नाही. ते मन थकले आहे आणि त्याला आधार हवा आहे.

दोन कथा

उदास आणि विषण्ण यांतील हा भेद दोन प्राचीन कथांत फार सुंदर रीतीने उतरला आहे.

पहिली गीतेच्या प्रारंभीची. पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. त्याच्या अखेरीस धनुष्य टाकून अर्जुन रथात बसतो. त्याची भाषा ऐकली तर ती त्यागाची आहे. राज्य नको, सुख नको, भिक्षा मागून जगणे बरे, असे तो म्हणतो. वरवर ऐकणाऱ्याला हा मोठा विरागी वाटेल. परंतु श्रीकृष्ण त्या भाषेला फसत नाहीत. हे वैराग्य नाही, हा विषाद आहे, हे ते तत्काळ ओळखतात. आणि ओळखल्यावर त्याला सोडून निघून जात नाहीत. त्याच्याशी दीर्घ संवाद करतात. विषादात बसलेल्याला उदासीनाच्या आसनापर्यंत नेणारा मार्ग त्या संवादातूनच निघाला.

दुसरी कथा आचार्य रविषेणांच्या सातव्या शतकातील पद्मपुराणातली. लक्ष्मणाच्या मृत्यूनंतर रामचंद्र त्याचे कलेवर सहा महिने खांद्यावरून वाहतात. भाऊ गेला हेच त्यांचे मन स्वीकारत नाही. अखेर देवगतीला गेलेले त्यांचे दोन पूर्वस्नेही त्यांना जागे करण्यासाठी येतात. ते उपदेश करीत नाहीत. एक वाळलेल्या झाडाला पाणी घालतो, वाळूतून तेल काढू पाहतो, कलेवर खांद्यावर घेऊन समोर उभा राहतो. हे व्यर्थ आहे असे राम स्वतःच म्हणतात आणि म्हणता म्हणता त्यांना आपली अवस्था दिसते. त्यानंतर लक्ष्मणाचा अंत्यसंस्कार होतो आणि मग रामचंद्र दीक्षा घेतात. वैराग्य आले ते शोक ओसरल्यावर, डोळे उघडल्यावर. शोकाच्या भरातील सहा महिन्यांना पुराणकारांनी वैराग्य म्हटलेले नाही. आणि त्या शोकातून बाहेर येण्यासाठी रामचंद्रांसारख्या महापुरुषालाही कोणीतरी शेजारी येऊन उभे राहावे लागले, ही गोष्ट सर्वांनी मनात धरावी अशी आहे.

ओळखावे कसे?

आता मूळ प्रश्न. घरात कोणी उदास दिसत असेल तर ते औदासीन्य आहे की अरती, हे कसे ओळखावे? वरील विवेचनातूनच काही खुणा हाती येतात.

पहिली खूण प्रमोदाची. ज्याला खरे माध्यस्थ्य साधले, त्याच्या ठायी मैत्री, प्रमोद आणि करुणा जिवंत असतात. नातीचे यश ऐकून त्याचा चेहरा उजळतो, शेजारच्या आजाऱ्याची तो विचारपूस करतो. ज्याला कशानेच आनंद होत नाही, त्याचे माध्यस्थ्य अद्याप आलेले नाही.

दुसरी खूण कर्माची. तुकाराम महाराजांचा उदास कामात आहे. सामायिक, स्वाध्याय, दान, घरातले लहानसहान काम यांत त्याचे चित्त लागते. आयुष्यभर नित्यनेमाने देवदर्शनाला जाणारी व्यक्ती एकाएकी मंदिराची पायरी चढेनाशी झाली, तर ती संसारापासून नव्हे, सगळ्यापासूनच दूर चालली आहे.

तिसरी खूण विषयाची. विरक्त मनुष्य कशाविषयी उदास आहे हे सांगू शकतो, कारण त्याने ते विचारपूर्वक सोडलेले असते. खिन्न मनुष्याला ते सांगता येत नाही. त्याच्याकडून सर्व काही गळून पडलेले असते. सोडणे आणि गळून पडणे यांत हाताच्या पकडीचा फरक आहे.

चौथी खूण देहाची. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, सततचा थकवा, आपण निरुपयोगी झालो असे वाटत राहणे, ही आजाराची लक्षणे असू शकतात. आजचे वैद्यकशास्त्र मनाची खिन्नता किंवा कशातही रस न उरणे या दोहोंपैकी एक तरी लक्षण, इतर लक्षणांसह, निदान दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून राहिले तर त्याची नैराश्य म्हणून दखल घेते. यांतील दुसरे लक्षण अरतीच्या जुन्या व्याख्येच्या किती जवळ आहे, हे वेगळे सांगावयास नको. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घेणे हा धर्माचा अनादर नव्हे. रोग हाही बावीस परीषहांत मोजलेला आहे आणि श्रावकाच्या रोगावर औषधदान करणे हे चतुर्विध दानांत गणले आहे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, ही माहितीही प्रत्येक घरात असावी.

हे केवळ वृद्धांपुरते नाही. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, नुकतीच प्रसूत झालेली सून, व्यापारात खोट आलेला गृहस्थ यांच्या तोंडीही ‘उदास वाटते’ हे दोन शब्द येतात. ते ऐकणाऱ्याने अनित्य भावनेचा उपदेश करण्याची घाई करू नये. उपदेश योग्यच असतो, पण त्याची वेळ असते. आधी शेजारी बसावे. उपासनेचा मूळ अर्थ जवळ बसणे हाच आहे. दुःखिताजवळ बसणे हीही एक प्रकारची उपासना ठरते.

शब्द जपणे म्हणजे त्याचे अर्थ वेगळे ठेवणे. उदास या शब्दाचा जुना, उन्नत अर्थ मराठीने गमावू नये, कारण तो गेला तर ज्ञानदेवांचा वाटसरू आणि तुकोबांचा दानशूर व्यापारी पुढच्या पिढीला दुःखी माणसे वाटतील. आणि त्याचा नवा, व्यथित अर्थही कोणी नाकारू नये, कारण तो नाकारला तर घरातले दुःख वैराग्याच्या नावाखाली झाकले जाईल. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढा एक संकल्प करावा. आपल्या घरात जो अलग बसलेला दिसेल, तो वर बसला आहे की खाली खचला आहे, हे त्याच्याजवळ जाऊन पाहावे. वर बसला असेल तर त्याला वंदन करावे. खचला असेल तर त्याला हात द्यावा.

जय जिनेंद्र.